बुधवारचा चमचा

हातमोज्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं घालवलेल्या बाईंना सगळे पुठ्ठेबाई म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. कारखान्यात शिवणाऱ्या साठ जणी होत्या, कातडं कापणारे वीस जण होते, पण कातडं कोणत्या आकारात कापायचं ते सांगणारा पुठ्ठ्याचा नमुना कापणारी बाई एकच होती. त्यामुळे ऐंशी माणसांच्या हातातली अक्कल आपल्या कात्रीतून येते, असं त्यांचं मत होतं. तोंडानं त्या तसं कधी म्हणाल्या नाहीत, पण चालण्यात दिसायचं.

त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी नव्यानं आलेल्या प्रत्येकीला ऐकवला होता: नमुन्यावरून नमुना कापायचा नाही. पुठ्ठा झिजला की कपाटाचं कुलूप काढायचं, आतला पत्र्याचा मूळ नमुना बाहेर घ्यायचा, त्यावरून नवा पुठ्ठा कापायचा आणि पत्रा परत कपाटात. कंटाळा करून शेजारच्या टेबलावरचाच पुठ्ठा उचलला आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली तर काम दोन मिनिटांत होतं. पण पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. दर वेळी आकार एका रेघेनं फुगतो आणि फुगलेला कुणाला दिसत नाही, कारण शेजारी ठेवून बघायला असतो तोही फुगलेलाच. बाई एकदा बाळंतपणाच्या रजेवर असताना फोरमननं हाच शहाणपणा केला. त्या परत आल्या तेव्हा गोदामात चारशे जोड पडून होते आणि प्रत्येकाचा अंगठा पिकलेल्या केळ्याएवढा होता. ही गोष्ट बाईंनी पुढे इतक्यांदा सांगितली की फोरमननं शेवटी बदली मागून घेतली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सॉस करायला घेतला. त्यांच्या धाकट्या दिराचं दोन रस्ते पलीकडे तळणीचं दुकान होतं. बटाट्याचे काप, माशाचे तुकडे, कोंबडीचे तुकडे, सगळं गरम तेलातून निघायचं आणि कागदाच्या द्रोणात जायचं. सोबत बुडवून खायला आंबट-गोड सॉसची छोटी वाटी. सुरुवातीला हा सॉस बाजारातून यायचा. बाईंनी एकदा बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा सॉस आहे की रंगपंचमीचं उरलेलं पाणी?" दिराला मुद्दा कळला. पुढच्या आठवड्यात बाईंनी घरच्या छोट्या पातेल्यात सॉस करून पाठवला, तो दोन दिवसांत संपला, आणि अकरा वर्षं झाली, तेव्हापासून दुकानात दुसरा सॉस आला नव्हता.

तो पहिला सॉस बाईंनी हातमोजा करावा तसा केला. चांगला जमेपर्यंत पाच वेळा ओतून दिला आणि जमल्यावर पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कापली, मेणबत्तीच्या मेणात बुडवून घेतली आणि तिला खाचा पाडल्या. पट्टी पातेल्यात उभी धरायची. पहिल्या खाचेपर्यंत पाणी. दुसऱ्या खाचेपर्यंत व्हिनेगर. मग साखर ओतत राहायची, पातळी तिसऱ्या खाचेला टेकली की थांबायचं. चौथ्यापर्यंत गाळलेला टोमॅटोचा रस. आलं, लसूण आणि बिया काढलेली लाल मिरची मुठीनं, मीठ चमच्यानं. व्हिनेगर तापलं की डोळ्यांत पाणी येई आणि शेजारच्या घरांतल्या खिडक्या एकेक करून बंद होत. शेवटी थंड पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर बारीक धारेनं सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. सुरुवातीला सगळं पांढुरकं, गढूळ दिसतं. मग एक उकळी येते आणि सॉस काचेसारखा स्वच्छ होतो. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढायची. रेघ तशीच राहिली की गॅस बंद.

दुसऱ्या वर्षी दिरानं शेजारचा गाळा घेतला, टेबलं वाढवली आणि छोटं पातेलं पुरेना. घरात मोठं पातेलं आलं. पट्टी मोठ्या पातेल्याला लागू नव्हती. नवी कापायची राहून गेली. तोपर्यंत हात बसला होता, चव जिभेवर होती आणि बाईंनी सोपी युक्ती काढली: मागच्या आठवड्यातली एक बाटली शेजारी ठेवायची, नव्या सॉसची चव तिच्याशी ताडून बघायची, जुळली की झालं. छोट्या पातेल्यात पुढे कपडे वाळत घालायचे चिमटे राहायला लागले.

आता बाईंच्या नवऱ्याबद्दल. ते बस डेपोत टाइमकीपर होते आणि निवृत्तीनंतरही गल्लीतले लोक त्यांना टाइमकीपरच म्हणत. कारण त्यांच्यावर घड्याळ लावता येई. सकाळी सहा पाचला चहा, दहाला पेपर, साडेचारला स्वयंपाकघरातली खुर्ची. स्वभाव गरीब, बोलणं कमी, आणि गोडाचा नाद असा की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बाईंना साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवावा लागला. तरी तो रिकामा व्हायचाच.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तातली साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, चष्मा काढला आणि सांगितलं की गोड बंद, आजपासून बंद. बाईंनी तिथल्या तिथे विचारलं, "मी घरी सॉस करते, त्याची चव बघितली तर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चव बघण्यापुरतं चालेल.  "चव बघण्यापुरतं चालेल" हे वाक्य टाइमकीपरांनी खिशात घालून आणलं.

बाईंना चव बघायला माणूस हवाच होता. दोन तास व्हिनेगरच्या वाफेत उभं राहिलं की जीभ बधिर होते, मग कात्री खाल्ली काय आणि साखर खाल्ली काय. म्हणून दर बुधवारी साडेचारला टाइमकीपर हात धुऊन खुर्चीवर बसत, मांडीवर रुमाल पसरत. बाई आधी जुन्या बाटलीतला थेंबभर देत, मग पातेल्यातला चमचाभर. ते डोळे मिटत. 

"कसं झालंय?"

"चांगलं झालंय. जरा गोड कमी वाटतंय."

बाई अर्धा चमचा साखर घालत, ढवळत, पुन्हा चमचा भरून देत.

"हं. आता बरोबर."

सात वर्षं हे असंच चाललं. आणि नवऱ्यानं गोड कसं तोडलं याचं कौतुक बाई सगळ्या नातेवाइकांत करत. "एका शब्दानं कुरकुर नाही हो. माणूस असावा तर असा."

दीर वाईट बातमी आणताना केळी घेऊन येतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या मंगळवारी तो आला तो अख्खा घड घेऊन.

"वहिनी, घड काय सुंदर मिळाला बघा."

"बसा. काय झालंय?"

"काही नाही हो. सहज."

"सहज माणूस डझनभर आणतो. घड आणत नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी सवय. त्यानं हवेबद्दल सांगितलं, तेलाच्या डब्याबद्दल सांगितलं, बायकोच्या गुडघ्याबद्दल सांगितलं, आणि मग केळ्यांकडे बघत म्हणाला, "वाट्या परत येतायत."

"वाट्या परत येणारच की. गिऱ्हाईक काय वाट्या घरी नेतं?"

"भरलेल्या परत येतायत, वहिनी. बोट बुडवतात आणि ठेवून देतात. वर्षभर बघतोय, बोलायचा धीर झाला नाही." मग त्यानं पिशवीतून एक डबा काढला आणि टेबलावर ठेवला. कंपनीचा सॉस. विकणारा माणूस तीनदा येऊन गेला होता. सोबत दुकानाचं नाव छापलेल्या वाट्या फुकट देणार होता. "येत्या सोमवारी त्याला हो-नाही सांगायचंय. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. तुमचंही वय झालं, विश्रांती घ्या आता."

टाइमकीपर पाणी प्यायला उठले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

बाईंनी ते मनाला लावून घेतलं, आणि का घेऊ नये? एकतीस वर्षांत त्यांच्या हातचा एक नमुना परत आला नव्हता. आणि ह्या वयात वाट्या परत येत होत्या, भरलेल्या. सोमवारी दिरानं हो म्हटलं की बुधवार हा इतर वारांसारखा एक वार होणार होता, आणि आपण घरात बसून असलेली एक म्हातारी. विश्रांती हा शब्द त्यांना कधीच आवडला नव्हता.

बुधवारी त्यांनी नेहमीसारखा सॉस केला, फक्त दुप्पट काळजीनं. टाइमकीपरांनी दुसऱ्या चमच्याला बरोबर म्हटलं. दोन-तीन बाटल्या घरी ठेवून बाकीच्या दुकानात गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी बाई स्वतः दुकानात गेल्या आणि सरळ मागच्या मोरीवर जाऊन वाट्या धुणाऱ्या मावशींच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

जाऊ लंगडतच लगबगीनं आली. "अहो ताई, हे काय? पुढे या, पंख्याखाली बसा."

"मला वाट्या बघायच्यात. पुढे गिऱ्हाइकं तोंडावर छान म्हणतात. वाटी खोटं बोलत नाही."

वाटी खरंच खोटं बोलली नाही. तास-दीड तासात एकशे वीस वाट्या आल्या, त्यांतल्या सत्तरएक अर्ध्याहून भरलेल्या. बाईंनी आपलाच सॉस मोरीत ओतला, आपल्याच हातानं वाट्या विसळल्या. मावशी भाबडेपणानं म्हणाल्या, "पहिल्यांदा बरं होतं बघा. मी इथे लागले तेव्हा लोक बोटानं चाटूनपुसून ठेवायचे. नुसतं पाणी मारलं तरी वाटी स्वच्छ. आता पाणीही जास्त लागतं आणि मुंग्याही येतात." मुंग्या, हे ऐकून बाईंचा हात थांबला.

शेजारच्या सलूनमधला न्हावी दुकान उघडल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. जाताना तो मागच्या दारी हात धुवायला आला, तेव्हा बाईंनी त्याला गाठलं.

"सॉसला काय झालंय?"

"रागावणार नाही ना?"

"रागावेन. सांगा."

न्हाव्यानं हात झटकले. "पूर्वी पहिला घास बुडवला की माझा डावा डोळा आपोआप मिटायचा. त्या एका डोळ्यासाठी मी येत होतो, ताई. आता दोन्ही डोळे उघडेच राहतात. मुलांना आवडतं म्हणा."

"पण मी काही बदललं नाही. दर आठवड्याला मागच्या बाटलीशी जुळवून बघते."

"तुम्ही जुळवत असाल," न्हावी म्हणाला, "मी मात्र घरी बायकोला सांगतो की तिथे आता मुरंबा देतात."

घरी जाताना बाईंनी सगळ्यांवर संशय घेऊन बघितला. टोमॅटो पूर्वीसारखे आंबट राहिले नसतील. व्हिनेगरवाला पाणी घालत असेल. किराणा दुकानदारावर तर त्यांचा संशय जुनाच होता. साखरेचं पोतं हल्ली लवकर संपतं म्हणजे तो वजनात मारतो, हे त्या चार वर्षं म्हणत होत्या, आणि त्या बिचाऱ्यानं चार वर्षं शपथा खाल्ल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत संशय घ्यायला माणसं संपली. आणि मग त्यांना मागची बाटली आठवली. मागची बाटली, तिच्या मागची बाटली, तिच्याही मागची. त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या.

नमुन्यावरून नमुना. जगाला एकतीस वर्षं सांगितलेला एकुलता एक नियम, आणि स्वतःच्या चुलीवर दहा वर्षं पेन्सिल फिरत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांना इतकी लाज वाटली की समोरून कारखान्यातली एक जुनी शिवणारी आली, तिच्याशी त्या धड बोलल्याही नाहीत.

शनिवारी सकाळी चिमटे बादलीत गेले आणि छोटं पातेलं घासून गॅसवर चढलं. मेण लावलेली पट्टी शिवणाच्या डब्याच्या तळाशी होती, कडा पिवळ्या पडलेल्या, पण खाचा जशाच्या तशा. बाईंनी पट्टी सांगेल तेवढंच घातलं. साखर तिसऱ्या खाचेला टेकली तेव्हा त्यांना वाटलं की आपण काहीतरी विसरलोय, इतकी थोडी होती ती. त्यांनी हात आवरला. सॉस झाला, निवला, जीभ ताळ्यावर यायला त्या तासभर बाहेर फिरून आल्या, आणि मग दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत बुधवारचा, एकीत पट्टीचा.

पट्टीच्या सॉसनं त्यांचा डावा डोळा मिटला. मग मागून गोडी आली, मग मिरची. बुधवारचा सॉस त्यापुढे खरोखर मुरंबा होता. दोन्ही सख्खे सोडा, चुलत भाऊही दिसत नव्हते.

बाई कोणत्याही चुकीकडे कामाची वस्तू म्हणून बघत. ही चूक त्यांनी उलटीपालटी करून बघितली आणि तिच्यात एक गोष्ट बसेना. पेन्सिल आकार फुगवते, कारण रेघ नेहमी बाहेरूनच जाते. पण जिभेची चूक आंधळी असते. एका आठवड्यात जरा गोड, दुसऱ्या आठवड्यात जरा आंबट, असं इकडेतिकडे होऊन ती जागेवर यायला हवी होती. आली नाही. सात वर्षं एकाच दिशेनं मुंगीच्या पावलानं चालत राहिली. म्हणजे तिला कुणीतरी चालवत होतं. "जरा" हा शब्द त्यांच्या कानात एकदम स्पष्ट वाजला, आणि कुणाच्या आवाजात तेही.

तरी त्या न्यायी बाई. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. रविवारी साडेचारला त्यांनी मोठं पातेलं चढवलं आणि त्यात बुधवारच्या दोन बाटल्या ओतून नुसत्या गरम केल्या. हाच तो सॉस, चार दिवसांपूर्वी टाइमकीपरांनी स्वतः पास केलेला. वास आल्यावर ते दारात आले.

"आज रविवार आहे."

"माहीत आहे. कॅलेंडर मलाही वाचता येतं. जास्तीचा करतेय. बसा."

ते हात धुऊन बसले. रुमाल पसरला. बाईंनी चमचा भरून दिला. त्यांनी डोळे मिटले, जिभेवर घोळवला, आणि अगदी मनापासून म्हणाले, "चांगलं झालंय. जरा गोड कमी वाटतंय."

बाईंनी पाठ केली. साखरेच्या डब्याचं झाकण वाजवलं, रिकामा चमचा डब्याच्या काठाला लावला, तोच चमचा पातेल्यात फिरवला आणि भरून परत दिला.

"हं," टाइमकीपर म्हणाले. "आता बरोबर."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं, तेही चमच्याचमच्यानं. बाईंना राग आला, आणि तो साधासुधा नव्हता. एका जास्तीच्या चमच्यासाठी ह्या माणसानं सात वर्षांचं काम बिघडवलं, आपण त्याची तारीफ गावभर सांगत फिरलो, आणि किराणा दुकानदाराला विनाकारण चोर म्हटलं. जिभेवर आलेलं सगळं त्यांनी गिळलं, कारण सोमवार उद्यावर आला होता आणि भांडण कधीही करता येतं. त्यांनी पातेलं रिकामं केलं. छोटं पातेलं चढवलं. आठ वाजेपर्यंत पट्टी धरून एकामागून एक चार वेळा सॉस केला, थंड केला आणि स्वतः दुकानात नेऊन पोचवला. कुणाकडून चव बघून घेतली नाही.

निकाल कळायला रात्रीची गर्दी होईपर्यंत थांबायची गरज पडली नाही. न्हावी सलून बंद करून आला, पहिला काप बुडवला, आणि त्याचा डावा डोळा मिटला. त्यानं वाटी उचलून दिराला रिकामी दाखवली. मागच्या मोरीवर मावशी म्हणाल्या की आज नुसतं पाणी मारून भागतंय. सोमवारी दिरानं विकणाऱ्या माणसाला नाही सांगितलं. अगदीच नाही असं नाही. दोन-तीन मुलांनी तोंडं वाकडी केली होती, म्हणून मुलांसाठी कंपनीचा एक डबा त्यानं ठेवून घेतला आणि तो टेबलाखाली लपवला. बाईंनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी दीर घरी आला तो रिकाम्या हातानं, त्यावरून बातमी चांगली आहे हे कळलंच.

मंगळवारी बाईंनी मोठ्या पातेल्यासाठी नवी पट्टी कापली. छोट्या पातेल्यातलं पाणी मापून मोठ्यात ओतत, एकेक खाच तपासून, मेणात बुडवून. जुनी पट्टी त्यांनी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

बुधवारी साडेचारला टाइमकीपर खुर्चीवर येऊन बसले. हात धुतलेले, मांडीवर रुमाल. बाईंनी पट्टी काढून पुसली, गॅस बंद केला आणि बाटल्या भरायला घेतल्या.

"झालं?" टाइमकीपरांनी विचारलं.

"झालं."

"चव?"

"पट्टी आहे ना आता. चव बघायची गरज नाही." बाईंनी एका बाटलीला झाकण लावलं, दुसरीला लावलं. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "रविवारी तुम्हाला दिला तो बुधवारचाच सॉस होता. बाटलीतला. साखर मी घातलीच नव्हती."

 "अस्सं," टाइमकीपर म्हणाले. त्यांनी रुमालाची चौकोनी घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली, आणि उठून बाहेरच्या खोलीत गेले. 

बाईंना बरं वाटलं. ते बरं वाटणं बाटल्या पुसून होईपर्यंत टिकलं. मग त्यांना नको असताना आठवायला लागलं. सात वर्षांत ह्या माणसानं वाढदिवसाच्या केकला नाही म्हटलं होतं, लग्नाच्या पंगतीत गोड वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरला होता, दिरानं आणलेल्या घडातलं अर्धं केळंसुद्धा खाल्लं नव्हतं. एका शब्दानं कुरकुर केली नव्हती, हे खरंच होतं. आठवड्याचे सहा दिवस त्यांनी कशाच्या जोरावर काढले, ते बाईंना आता कळलं होतं. आणि त्यांनी मागून मागून मागितलं काय, तर अजून एक चमचा, तोही कामाच्या नावाखाली. सरळ मागितला असता तर आपण दिला असता का, हे बाईंनी स्वतःला विचारून बघितलं. दिला नसता. डॉक्टरीणबाईंचं नाव सांगून डबा आणखी वरच्या फळीवर ठेवला असता. राग गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी हे दुसरं येऊन बसलं होतं आणि दोघांना एका खुर्चीवर बसता येत नव्हतं.

त्या आठवड्यात टाइमकीपरांनी रोजच्यासारखा सहा पाचला चहा घेतला, बिनसाखरेचा, आणि दहाला पेपर वाचला. फक्त साडेचारला ते फिरायला जाऊ लागले.

पुढचा बुधवार आला. सॉस पट्टीबरहुकूम झाला. गढूळपणा गेला, काच आली, चमच्याच्या पाठीवर रेघ राहिली. साडेचारला पाच मिनिटं कमी होती. बाहेरच्या खोलीत टाइमकीपर चप्पल शोधत होते.

"अहो," बाईंनी हाक मारली. "फिरायला नंतर जा. इकडे या जरा."

ते दारात येऊन थांबले. बाईंनी पायानं खुर्ची ओढली.

"हात धुतलेत?"

"नाही."

"मग धुवा."

ते हात धुऊन बसले. रुमाल आणायला विसरले होते. बाईंनी चमचा भरून, खाली हात धरून, पुढे केला. "कसं झालंय बघा."

टाइमकीपरांनी चमचा तोंडात घेतला आणि त्यांचा डावा डोळा मिटला. बराच वेळ मिटलेलाच राहिला. ह्या सॉसची चव त्यांनी कितीतरी वर्षांत घेतली नव्हती. मग त्यांनी चमचा स्वच्छ करून बाईंच्या हातात परत दिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे. काही घालू नकोस."

सात वर्षांत ते पहिल्याच चमच्याला असं कधी म्हणाले नव्हते. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पातेल्याकडे वळल्या. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

"नीट बघा," त्या चमचा पुन्हा पातेल्यात बुडवत म्हणाल्या. "मला जरा गोड कमी वाटतंय."